“आमचा सर्व माल रोह्स आहे”: एवढ्या एका ओळीवर विसंबायचं का?

खरेदीखाते
नमस्कार. सर्किट बोर्डावर पार्ट जोडणाऱ्या (बोर्ड असेंब्ली) एका लहान युनिटमध्ये खरेदी आणि क्वालिटी अशी दोन्ही खाती माझ्याकडे आहेत. आमच्या एका गिऱ्हाइकाला त्याची यंत्रं युरोपात विकायची आहेत, म्हणून त्याने आमच्याकडे रोह्सची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक मालातल्या विषारी द्रव्यांवर मर्यादा घालणाऱ्या युरोपच्या कायद्याची, फाइल मागितली. मी सगळ्या सप्लायरना मेल टाकली. आलेली उत्तरं वाचून हसावं की रडावं कळेना. बहुतेकांनी लेटरहेडवर एक ओळ लिहून पाठवली: “आमचा सर्व माल रोह्स आहे.” पार्ट नंबर नाही, तारीख नाही, रोह्सची कुठली आवृत्ती तेही नाही. एकाने टेस्ट रिपोर्ट जोडला होता. उघडला तर फोटोत निळी केबल, आणि आम्ही घेतो काळी.

तर असा कागद चालतो का? स्क्रू, लेबल, केबल टाय असल्या किरकोळ वस्तूंचंही बघावं लागतं का? आणि सगळ्यात मोठी धास्ती म्हणजे आमच्याकडे शिशाच्या आणि बिनशिशाच्या सोल्डरचं (पार्ट बोर्डाला जोडणाऱ्या मिश्रधातूचं) काम एकाच शेडमध्ये चालतं. जाणकारांनी कृपया सांगावं.

तपासनीस
धागा काढलात ते बरं झालं, हा विषय नेहमी अर्धवट कळलेला असतो. मी टेस्टिंग लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे माझ्या बाजूचं सांगतो.

१ जुलै २००६ ला युरोपात रोह्स लागू झाला तेव्हा यादीत सहा द्रव्यं होती: शिसं, पारा, कॅडमियम, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम आणि प्लास्टिक पेटू नये म्हणून घातली जाणारी ब्रोमीनची दोन कुळं, पीबीबी आणि पीबीडीई. २०११ मध्ये कायदा नव्याने लिहिला आणि रोह्स हा सीई मार्किंगचा (युरोपात माल विकायला लागणाऱ्या खुणेचा) भाग झाला. २२ जुलै २०१९ पासून चार थॅलेट आले, म्हणजे पीव्हीसी मऊ करायला वापरतात ती. एकूण दहा. मर्यादा ०.१ टक्का, फक्त कॅडमियमला ०.०१. चीन, भारत यांनीही पुढे साधारण याच धर्तीवर नियम केले.

आता खरी मेख. ही टक्केवारी अख्ख्या यंत्राच्या वजनावर मोजत नाहीत, अख्ख्या पार्टच्याही नाही. ती मोजतात ‘होमोजिनियस मटेरियल’वर, म्हणजे हत्याराने खरवडून, कापून, घासून आणखी वेगळा करता येणार नाही अशा प्रत्येक थरावर. आयसीच्या पायावर कथील-शिशाचं प्लेटिंग असेल तर ते प्लेटिंग हेच एक मटेरियल. त्यात दहा टक्के शिसं असेल तर पार्ट नापास, मग ते शिसं अख्ख्या यंत्राच्या तुलनेत नखाएवढं का असेना. म्हणून स्क्रू, लेबल, केबल टाय सगळं बघावं लागतं. मालाबरोबर जाणारा खोका मात्र रोह्समध्ये येत नाही, पॅकेजिंगचा कायदा वेगळा आहे. बॅटरीचाही वेगळा.

किरकोळ वस्तू किती महागात पडते याचा सगळ्यात गाजलेला दाखला रोह्सच्याही आधीचा आहे. डिसेंबर २००१ मध्ये नेदरलँड्सने सोनीचे सुमारे १३ लाख प्लेस्टेशन अडवले. कारण? केबलच्या प्लास्टिकमधलं कॅडमियम. गेम खेळणाऱ्या यंत्राच्या आतलं काही नाही, बाहेरची वायर.

जुना_सोल्डर
सगळं ठीक आहे, पण कुणीतरी उलटी बाजूही सांगायला हवी. ६३-३७ (कथील-शिसं) सोल्डर १८३ अंशांना वितळायचं, थेट घनाचं द्रव आणि द्रवाचं घन, मधली खिचडी अवस्थाच नाही. सांधा आरशासारखा. त्याच्या जागी आणलं काय, तर एसएसी-३०५: साडेशहाण्णव टक्के कथील, तीन टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं, वितळणार २१७ ते २२० ला. म्हणजे रिफ्लोचं (भट्टीत सोल्डर वितळवून पार्ट जोडण्याचं) शिखर २४० च्या आसपास. कनेक्टरचं प्लास्टिक वाकतं, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कुरकुरतात, आयसीत ओलावा मुरलेला असेल तर आत वाफ होऊन पोटात तडा. बोर्डही जास्त टीजीचा, म्हणजे जास्त उष्णता सोसणारा घ्या.

आणि व्हिस्कर विसरू नका. शुद्ध कथिलाच्या प्लेटिंगवर केसापेक्षा बारीक धातूच्या मिशा आपोआप उगवतात आणि दोन पाय शॉर्ट करतात. थोडंसं शिसं घातलं की ते बंद, हे कित्येक दशकं माहीत होतं. १९९८ मध्ये गॅलेक्सी-४ उपग्रह निकामी झाला आणि अमेरिकेतले बहुतेक पेजर मुके झाले. त्या बिघाडाचं खापर कथिलाच्या मिशांवरच फुटलं. आणि लष्करी आणि अंतराळातल्या सामानाला तर रोह्समधून वगळलंय. स्वतःच्या उपग्रहाला शिसं चालतं, लोकांच्या टीव्हीला नको!

मी आयुष्यभर शिशाच्या धुरात बसलोय, मला काही झालेलं नाही.

रिफ्लो_ऑपरेटर
काका, तांत्रिक मुद्द्यांना +१. शेवटच्या वाक्याला मात्र नाही.

सोल्डर मारताना जो धूर दिसतो तो शिशाचा नसतोच, तो फ्लक्समधल्या (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावतात त्यातल्या) राळेचा असतो. बिटाच्या (सोल्डरिंग आयर्नच्या टोकाच्या) साडेतीनशे अंशांना शिशाची वाफ होत नाही म्हटलं तरी चालेल, त्याचा उत्कलनबिंदूच १७०० च्या वर आहे. राळेच्या धुराने दमा होतो, आणि तो धूर बिनशिशाच्या सोल्डरलाही येतो, उलट तापमान चढं म्हणून जरा जास्तच. तेव्हा धूर ओढणारी नळी दोन्हीकडे हवीच. शिसं पोटात जातं ते हातावाटे. वायर बोटात धरायची, मग त्याच हाताने चहाचा कप. आणि वितळलेल्या सोल्डरच्या पॉटवरची राख काढताना उडणारी धूळ.

पण रोह्स मुळात तुमच्या-माझ्या टेबलासाठी आलेला नाही. तो बोर्डाच्या शेवटच्या दिवसांसाठी आहे. यंत्र भंगारात गेलं की कुणीतरी तो बोर्ड शेगडीवर धरून पार्ट उतरवतं, वायर पेटवून तांबं काढतं. तिथे शिसं धुळीत आणि मातीत उतरतं, ब्रोमीनवालं प्लास्टिक अर्धवट जळलं की डायॉक्सिनसारखी घाण तयार होते. तिथल्या माणसाला मास्क द्यायला कोणी येणार नसतं, म्हणून विष मुळातच घालू नका, एवढा साधा विचार आहे त्यामागे.

व्हिस्करवर उपाय नाहीत असंही नाही. चकचकीतऐवजी मॅट कथील, त्याखाली निकेलचा थर, प्लेटिंगनंतर तासभर १५० अंशांत भाजणं, वरून कन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे बोर्डावर पातळ संरक्षक थर. हमी कशाचीच नाही, पण घरगुती आणि ऑफिसच्या सामानाची गाडी या उपायांवर बऱ्यापैकी चालली आहे.

जुना_सोल्डर
“बऱ्यापैकी” हा शब्द मी नोंदवून ठेवतो.

मिरची_पावडर
वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

खरेदीखाते
तपासनीस, होमोजिनियसची भानगड आत्ता नीट कळली, आभार. मी आजवर पार्टच्या एकूण वजनावर हिशोब लावणारे कागद फायलीत लावत होते, तसे चार सप्लायर तर सरळ दिसताहेत.

दोन्ही सोल्डर एका शेडमध्ये, यावर कोणी बोलेल का? वेगळी शेड करायची आमची ऐपत नाही.

रिफ्लो_ऑपरेटर
वेगळी शेड लागत नाही, वेगळी शिस्त लागते. आमच्याकडेही दोन्ही चालतं.

वेव्हचा (बोर्ड वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून नेतात त्या यंत्राचा) पॉट एकच असेल तर विषय संपला, एकच पॉट दोन्हीला वापरता येत नाही. बिनशिशाच्या पॉटमध्ये शिशाच्या प्लेटिंगचे पार्ट गेले की दर बोर्डामागे थोडं थोडं शिसं आत उतरतं आणि ०.१ टक्क्याची रेघ कधी ओलांडली ते डोळ्याला दिसत नाही. महिन्याकाठी पॉटचा नमुना लॅबला पाठवायचा, शिसं आणि तांबं दोन्ही बघायला. आणखी एक, जुन्या स्टीलच्या पॉटमध्ये बिनशिशाचं सोल्डर ओतू नका. एवढं कथील त्या तापमानाला स्टील खातं. टायटॅनियम किंवा खास कोटिंगचा पॉट घ्यावा लागतो.

हाताच्या सोल्डरिंगला बीट वेगळे, स्पंज वेगळा, सोल्डर ओढायची जाळी वेगळी, राखेचा डबाही वेगळा. हा शेवटचा सगळे विसरतात. सोल्डरची रिळं दिसायला सारखीच असतात म्हणून आम्ही टेबलांनाच रंगीत पट्ट्या मारल्या: हिरव्या, म्हणजे बिनशिशाच्या टेबलावर शिशाचं रीळ आलं की कुणीही ओरडायचं, हुद्दा बघायचा नाही.

आता एक गोष्ट, जी ट्रेनिंगमध्ये कोणी सांगत नाही. बिनशिशाचा चांगला सांधा मळकट, थोडा दाणेदार दिसतो. चकचकीत सांधे बघून डोळा तयार झालेल्या इन्स्पेक्टरला तो कोल्ड जॉइंट (नीट न जुळलेला सांधा) वाटतो. मग तो बाण चिकटवतो, टचअपवाली मुलगी परत बीट लावते, परत मळकट, परत बीट. शेवटी पॅडच (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) उचकटतो. म्हणजे निर्दोष बोर्ड आपणच मारला. पहिलं काम करा: चांगल्या आणि वाईट बिनशिशाच्या सांध्यांचे मोठे फोटो इन्स्पेक्शन टेबलासमोर लावा. चकाकी बघायची नाही, सोल्डर पायावर आणि पॅडवर नीट पसरलंय का, कड कशी चढली आहे, ते बघायचं.

आणि कोणी कमी तापमानाची बिस्मथची सोल्डर पेस्ट सुचवली तर आधी सगळे पार्ट शिसंमुक्त आहेत याची खात्री करा. कथील-बिस्मथ १३८ अंशांना वितळतं, छान वाटतं. पण त्यात शिसं मिसळलं की तिघांचं मिळून ९६ अंशांना वितळणारं मिश्रण तयार होतं. बंद डब्यात तापणाऱ्या बोर्डावर असा सांधा म्हणजे उधारीवरचं आयुष्य.

गॅल्व्हनोकाका
सोल्डरवाल्यांचं झालं असेल तर प्लेटिंगवाल्याचंही ऐका. रोह्समध्ये माल अडकतो तो पुष्कळदा सोल्डरमुळे नाही, स्क्रूमुळे.

तो पिवळसर, तिरका धरला की मोरपंखी झाक मारणारा झिंकचा स्क्रू सगळ्यांनी पाहिलेला आहे. ती झाक हेक्झाव्हॅलंट क्रोमियमच्या पॅसिव्हेशनची, म्हणजे गंजू नये म्हणून दिलेल्या थराची. फार गुणाचं होतं ते. ओरखडा पडला तरी आजूबाजूचं क्रोमियम ओलाव्याबरोबर सरकून ती जागा पुन्हा झाकायचं. तो गुण ज्या विरघळण्यामुळे होता, त्याच विरघळण्यामुळे ते माणसाच्या अंगातही शिरतं. कर्करोगकारक आहे, प्लेटिंगच्या टाकीवर काम करणाऱ्यांच्या नाकाचा पडदा फाटायचा. मी असे लोक पाहिले आहेत.

आता ट्रायव्हॅलंट आलंय, निळसर पांढरं दिसतं. आपोआप भरून येण्याचा गुण त्यात तसा नाही, म्हणून वर सीलर मारावा लागतो. पण रंगावर जाऊ नका. काही गिऱ्हाइकांना पिवळाच रंग हवा असतो, म्हणून ट्रायव्हॅलंटलाही डाय घालून पिवळं करतात. उलट, पांढरं दिसणारं हेक्झाव्हॅलंटही असतं. खात्री करायची तर उकळत्या पाण्यात नमुना ठेवून ते पाणी डायफेनिलकार्बाझाइडने तपासतात, हेक्झाव्हॅलंट असेल तर जांभळट गुलाबी होतं. प्लेटरला विचारताना “रोह्स आहे का” असं विचारू नका, “पॅसिव्हेशन कुठलं, केमिकल कोणाचं, त्याची डेटा शीट पाठवा” असं विचारा. ज्याला येत असेल तो लगेच पाठवेल.

तपासनीस
काकांना दुजोरा. यात आमच्या एक्सआरएफ बंदुकीची (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्राची) मर्यादाही सांगून टाकतो, कारण लोक ती बंदूक विकत घेतात आणि निर्धास्त होतात.

एक्सआरएफला मूलद्रव्य दिसतं, संयुग दिसत नाही. क्रोमियम दिसेल, पण ते हेक्झाव्हॅलंट की ट्रायव्हॅलंट की सरळ स्टेनलेस स्टीलमधलं, हे नाही कळणार. ब्रोमीन दिसेल, पण ते बंदीतल्या पीबीडीईचं की साध्या एफआर-४ (नेहमीच्या काचतंतूच्या) बोर्डातल्या टीबीबीपीए या आगरोधकाचं? टीबीबीपीएवर रोह्सची बंदी नाही. जवळपास प्रत्येक नेहमीच्या बोर्डावर ब्रोमीनचा आकडा उंच येतो आणि नवीन क्वालिटीवाला घाबरून फोन करतो. थॅलेट तर त्या बंदुकीला दिसतच नाहीत. त्यासाठी लॅबमधली जीसी-एमएस ही रासायनिक चाचणी.

पीबीडीईवरून आठवलं. त्यातल्याच डेका-बीडीईला युरोपियन कमिशनने २००५ मध्ये सवलत दिली होती. डेन्मार्क आणि युरोपियन संसद कोर्टात गेले, २००८ मध्ये कोर्टाने सवलत रद्द केली. सवलतींची यादी पाहून डिझाइन करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. वितळणबिंदू जास्त असलेल्या, ८५ टक्क्यांवर शिसं असलेल्या सोल्डरला सवलत, पितळेत ४ टक्क्यांपर्यंत शिशाला सवलत, काही सिरॅमिक पार्टना सवलत; पण प्रत्येकाला मुदत असते आणि ती पुन्हा पुन्हा तपासली जाते. फाइलमध्ये कुठल्या पार्टला कुठली सवलत लागू आहे हा रकाना नसेल तर मुदत संपल्यावर शोधायला बसावं लागतं.

तिसरी_पाळी
मी लाइन सुपरवायझर आहे. इतका वेळ सगळे मालात काय आहे त्याबद्दल बोलताय. लाइनवर काय आहे त्याबद्दल एक अक्षर नाही.

स्क्रीन किंवा बोर्ड पुसायला जे केमिकल वापरतात ते उडून जातं, मालात राहत नाही. म्हणजे रोह्सच्या कागदावर ते कुठेच येणार नाही. एन-हेक्झेन घ्या. आयसोप्रोपिल अल्कोहोलपेक्षा लवकर उडतं, डाग राहत नाही, टार्गेट पुरं होतं, म्हणून काही कारखान्यांनी ते आणलं. चीनमधल्या सुझोऊला विनटेकच्या कारखान्यात टचस्क्रीन पुसणाऱ्या कामगारांना याचीच बाधा झाली. अ‍ॅपलच्या २०११ च्या पुरवठादार अहवालात १३७ जणांचा आकडा आहे. शरीरात हेक्झेनचं जे रूपांतर होतं ते नसा खातं. आधी बोटांची आणि तळपायांची टोकं बधिर होतात, मग हातातून वस्तू सुटते, मग जिना चढता येत नाही. अ‍ॅपलने अंतिम असेंब्लीतून बेंझिन आणि एन-हेक्झेन हटवायला २०१४ उजाडलं. आणि त्या काळातला तो माल? शंभर टक्के रोह्सच्या नियमात बसणारा असू शकतो.

तैवानमध्ये आरसीएच्या कारखान्याखालचं पाणी ट्रायक्लोरोइथिलीनने नासलं, कामगार कॅन्सरने गेले, कोर्टाचा निकाल कामगारांच्या बाजूने लागेपर्यंत २०१५ साल आलं. कॅलिफोर्नियातली सांता क्लारा काउंटी, जिला सगळे सिलिकॉन व्हॅली म्हणतात, तिथे २३ सुपरफंड साइट (सरकारने सफाईसाठी नोंदवलेल्या विषारी जागा) आहेत. धूर सोडणारे कारखाने नव्हेत, बहुतेक ‘क्लीन रूम’वाले.

तेव्हा ताई, गिऱ्हाइकाची फाइल कराच. पण फाइल पुरी झाली म्हणजे विषारी द्रव्यं कमी झाली असं नका समजू. पुसायच्या बाटलीवर काय लिहिलंय ते एकदा वाचा. आमच्याकडे तर बाटलीवर काही लिहिलेलंच नव्हतं, मोठ्या कॅनमधून ओतून ठेवायचे.

मिरची_पावडर
अवांतर वाटतंय थोडं. धागा रोह्सचा आहे ना?

तिसरी_पाळी
शीर्षकात रोह्स आहे खरं, पण नाव घेताय ते विषारी द्रव्यांचं. ज्याच्या बोटांना मुंग्या येतात त्याला हे अवांतर वाटत नाही.

रिफ्लो_ऑपरेटर
तिसरी_पाळी यांच्याशी सहमत. आम्ही पेस्टची स्टेन्सिल (बोर्डावर सोल्डर पेस्ट लावायची जाळीदार पट्टी) धुवायला जे वापरायचो त्याची सेफ्टी डेटा शीट मागितली तेव्हा स्टोअरने आधी बिल दाखवलं, मग डेटा शीट आली ती दुसऱ्याच ग्रेडची. आता नियम केलाय: डेटा शीट नाही तर कॅन गेटच्या आत नाही. पुष्कळ ठिकाणी नो-क्लीन फ्लक्स घेतला तर धुण्याची गरजच उरत नाही, तो सगळ्यात स्वस्त उपाय.

जुना_सोल्डर
मी शिशाची बाजू घेतली म्हणून मला विषाचा वकील समजू नका. माझं म्हणणं इतकंच की एक काढलं की दुसरं येतं, आणि त्या दुसऱ्याचा हिशोब कोणी मांडत नाही. एसएसीतली चांदी खाणीतून काढायला काय लागतं? अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेने २००५ मध्ये सोल्डरचा पूर्ण जीवनचक्राचा अभ्यास केला, त्यात विषारीपणात शिसंवालं वाईट ठरलं, पण ऊर्जेसारख्या काही बाबतीत चांदीवालं जड गेलं. कथील-तांबं-निकेलचं सोल्डर २२७ ला वितळतं, चांदी लागत नाही, वेव्हला उत्तम चालतं. ते वापरा की.

रिफ्लो_ऑपरेटर
वेव्हला तेच वापरतो आम्ही. चला, एकदा तरी जमलं आपलं.

खरेदीखाते
सगळ्यांचे आभार. आज एवढं केलं: एका ओळीची पत्रं सगळी परत पाठवली, पार्ट नंबर, दहा द्रव्यं, रोह्स निर्देशाचा (डायरेक्टिव्हचा) पूर्ण क्रमांक आणि सवलत असल्यास तिचा क्रमांक असा नमुना जोडून. स्क्रूवाल्याचा लगेच फोन आला, “ताई, पिवळे बंद करायचे का?” म्हणजे त्याला इतके दिवस माहीत होतं! स्टोअरमधल्या पुसायच्या कॅनची डेटा शीटही मागवली आहे.

उरले दोन प्रश्न. सगळ्याच पार्टचं टेस्टिंग परवडणारं नाही, मग कुठले निवडायचे? आणि गोदामात पार्टची जुनी रिळं पडून आहेत, पार्ट नंबर आजचाच आहे, ती वापरू का?

तपासनीस
सगळं टेस्ट करा असं कायदाही म्हणत नाही. फाइल कशी असावी याचं मानक आयईसी ६३००० आहे, आणि ते जोखीम बघायलाच सांगतं: या मटेरियलमध्ये बंदीतलं द्रव्य असण्याची शक्यता किती आणि या सप्लायरवर भरवसा किती. मोठ्या कंपनीचा रेझिस्टर, पूर्ण मटेरियल डिक्लरेशनसह, तिथे कागद पुरे. मऊ पीव्हीसी, रंगीत प्लास्टिक, प्लेटिंग केलेले स्क्रू, रिले आणि खुल्या बाजारातून उचललेला माल, इथे पैसे घाला. रिलेचं नाव मुद्दाम घेतलं, कारण चांदी-कॅडमियम ऑक्साइडचे कॉन्टॅक्ट असलेला जुना साठा अजून फिरतो.

जुन्या रिळांच्या लेबलवर गोलातला ‘ई’ आणि आकडा बघा. ई१ म्हणजे कथील-चांदी-तांबं, ई३ म्हणजे कथील, ई४ म्हणजे सोनं-चांदी-पॅलेडियमसारखं मौल्यवान प्लेटिंग. खूणच नसेल आणि डेट कोड २००६ च्या आसपासचा किंवा आधीचा असेल तर पार्ट नंबरवर विश्वास ठेवू नका. बऱ्याच कंपन्यांनी नंबर तोच ठेवून फक्त प्लेटिंग बदललं होतं. अशा रिळातला एक पार्ट एक्सआरएफखाली धरला की पायावरचं शिसं लगेच दिसतं, हे काम स्वस्तात होतं.

केबल थॅलेटसाठी पाठवाल तेव्हा दोन गोष्टी. इतर पीव्हीसीबरोबर एका पिशवीत घालू नका, थॅलेट एका प्लास्टिकमधून दुसऱ्यात सरकतं आणि चांगली केबल शेजारणीमुळे नापास होते. आणि फॉर्मवर स्पष्ट लिहा की बाहेरचं आवरण, आतल्या प्रत्येक रंगाचं इन्सुलेशन आणि प्लगचं प्लास्टिक वेगवेगळं तपासा. नाही लिहिलंत तर काही लॅब सगळं एकत्र दळून एकच आकडा देतात. तो रिपोर्ट दिसतो छान, शिक्काही असतो, पण होमोजिनियस मटेरियलच्या नियमात तो बसत नाही आणि तुमच्या गिऱ्हाइकाचा ऑडिटर तो पहिल्याच पानावर बाजूला काढेल.